गालिच्याखालची फरशी

रियाधच्या थंडीत हात मिळवताना माणसं किंचित कचरतात. त्याचं कारण शिष्टाचारात नसून हवेत असतं. डिसेंबर लागला की हवा इतकी कोरडी पडते की गाडीचं दार, लिफ्टचं बटण, दुकानदाराने परत दिलेली नाणी, काहीही चटका देतं. मुलीने डोक्यातून स्वेटर ओढून काढला की चटचट आवाज येतो आणि तिचे केस सगळ्या दिशांना उभे राहतात. बायकोने यावर उपाय शोधून ठेवला आहे. कपडे मऊ करायचं लिक्विड पाण्यात कालवून ती फवाऱ्याच्या बाटलीत भरते आणि सोफ्यावर, गालिच्यावर, मुलीच्या युनिफॉर्मवर मारते. मग काही तास चटके बंद. घरोघरी हा हसण्याचा विषय आहे. माझा तो पोटापाण्याचा विषय आहे.

मी ज्या कारखान्यात आहे तिथे इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार होतात. कोऱ्या बोर्डावर पत्र्याच्या बारीक जाळीतून राखाडी सोल्डर पेस्ट लावली जाते, मग एक मशीन रिळांवरून एकेक भाग उचलून त्या पेस्टवर ठेवतं आणि शेवटी सगळं लांबलचक भट्टीतून भाजून निघतं. काही भाग खसखशीच्या दाण्याएवढे असतात. पुण्याला आईला एकदा व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे अनारसेच की." मला आजवर कोणी माझं काम इतक्या थोडक्यात सांगितलेलं नाही.

फरक एवढाच की अनारशाला चटका लागत नाही. आपल्या बोटाला जाणवणारी ठिणगी या चिपच्या दृष्टीने वीज कोसळण्यासारखी असते, आणि आपल्याला जाणवतही नाही एवढ्याशा ठिणगीनेही ती मरते. मेली तर बरं, तपासणीत सापडते. भीती असते ती अर्धमेलीची. ती तपासणीत पास होते, डब्यात बसते, गिऱ्हाइकाकडे जाते आणि एखाद्या दिवशी काही कारण नसताना डोळे मिटते. म्हणून आमच्याकडे जमीन साधी नाही. राखाडी रंगाची खास फरशी आहे, तिच्याखाली तांब्याच्या पट्ट्या आहेत आणि त्या जमिनीत पुरलेल्या तारेला जोडलेल्या आहेत. प्रत्येकाच्या बुटाला टाचेची एक पट्टी असते. अंगातली वीज त्या पट्टीतून फरशीत आणि फरशीतून मातीत जाते. आत जाण्याआधी दाराशी एका यंत्रावर पाय ठेवून बोट दाबायचं. हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर पट्टी नीट बांधून पुन्हा. ही सगळी व्यवस्था सांभाळायचं काम माझ्याकडे आहे, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. काहीही घडू न देणं हे ज्याचं काम असतं, त्याने काम केलं की नाही हे कुणालाच दिसत नाही.

त्या हिवाळ्यात मुलगी बारावीला होती. परीक्षेचा फॉर्म तिच्या इथल्या शाळेतून भरलेला, केंद्र इथलंच, फेब्रुवारीत पहिला पेपर. आणि माझ्या इकाम्याची मुदत जानेवारीअखेर संपत होती. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. बायकोचा आणि मुलीचा इकामा माझ्याच इकाम्याला बांधलेला. कंपनीने माझा वाढवला नाही तर तिघांनी सामान बांधायचं, आणि मुलीचं वर्ष गेलं. कारखान्यात तेव्हा काही जागा स्थानिक तरुण इंजिनीयरांना द्यायचं चाललं होतं. देश त्यांचा, कारखाना त्यांचा, त्यात गैर काही नाही. फक्त त्या जागांमध्ये माझी आहे का, हे कुणी सांगत नव्हतं. मी ऑफिसात विचारायला गेलो की तिथला माणूस मनापासून हसे आणि म्हणे, "बुकरा, इन्शाअल्ला." बुकरा म्हणजे उद्या. आपण मराठीत 'बघू' म्हणतो, साधारण तेवढंच ते पक्कं असतं.

घरी रोज दार उघडताच बायकोचा प्रश्न यायचा.

"अहो, विचारलंत?"

"विचारलं."

"मग?"

"उद्या."

"कालचा उद्या की नवीन उद्या?"

मुलगी आतल्या खोलीतून केमिस्ट्रीच्या पुस्तकातून डोकं न काढता ओरडायची, "बाबा, इफ वी आर गोइंग, जस्ट टेल मी. मग मी ऑरगॅनिक नाही करत." ती हे हसत म्हणायची. पण एकदा चहा घेऊन आत गेलो तर ती पुस्तक उघडं टाकून नुसती भिंतीकडे बघत बसली होती. कप ठेवताना टेबलाच्या लोखंडी पायाला हात लागला आणि चटका बसला.

जानेवारीच्या सुरुवातीला 'बुकरा'च्या जागी 'भेटीनंतर' हा शब्द आला. आमच्या नव्या लाइनचं उद्घाटन करायला फार मोठे पाहुणे येणार होते. किती मोठे, ते तयारीवरून कळत होतं. बाहेरच्या झाडांना पाणी देऊन ती धुतली गेली. प्रसाधनगृहात अत्तर आलं. ज्या भिंतीला चार वर्षं रंग मागत होतो तिला एका दुपारीत रंग मिळाला. थोर माणसांना जग सदैव ओल्या रंगाच्या वासाचं वाटत असणार, असं मला कधीपासून वाटतं.

तयारी एका इव्हेंट कंपनीकडे दिली होती. तिचा माणूस उत्तम सूट घालून फिरे आणि सगळ्याकडे दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून बघे. त्याने लाइनकडे तसं बघितलं आणि म्हणाला, "इथे दारापासून मशीनपर्यंत लाल गालिचा."

मी म्हटलं, "या फरशीवर गालिचा चालत नाही." आणि मघाशी सांगितलं ते सगळं त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पाहुण्यांना उघड्या फरशीवरून चालवायचं?"

"आम्ही रोज चालतो."

"तुम्ही," तो म्हणाला. त्यात अपमान नव्हता, फक्त माहिती होती.

आमचे कारखानाप्रमुख तरुण सौदी आहेत, परदेशात शिकलेले, कामात पक्के. एरवी त्यांनी गालिचा गुंडाळायला लावला असता. पण त्या आठवड्यात ते स्वतःच झोपेत असल्यासारखे वागत होते. पाहुण्यांशी बोलायला त्यांना मुख्यालयातून एकच वाक्य आलं होतं आणि ते कॉरिडॉरमध्ये चालताना ते वाक्य पुटपुटत. मला म्हणाले, "या मुहंदिस, एक दिवस. फक्त एक सकाळ. तू काहीतरी मार्ग काढ."

'या मुहंदिस' म्हणजे 'अरे इंजिनीयर'. मला ते नावाने न बोलावता असं बोलावत तेव्हा मी समजून घ्यायचं असे की ही विनंती आहे आणि हुकूमही. माझ्या इकाम्याचा कागद त्यांच्याच सहीला थांबला होता. मी मार्ग काढायला गेलो.

मार्ग म्हणजे बायकोची बाटली. गालिच्यावर ते पाणी सगळीकडे फवारलं, वीज मोजायचं यंत्र फिरवून बघितलं, आकडा जवळजवळ शून्यावर आला. पाहुणे बोर्डाला हात लावणार नाहीत, टेबलावरच्या ट्रेवर पारदर्शक झाकण राहील, हेही कबूल करून घेतलं. धुपाटणं आत आणायचं होतं, ते दाराबाहेर थांबवलं. दाराशी असलेलं लाल-हिरव्या दिव्यांचं यंत्र मात्र मोठ्या फुलदाणीमागे गेलं. पाहुण्यांना लाल दिवा दिसणं हे कार्यक्रमात बसत नव्हतं.

आमच्या स्टोअरचा इनचार्ज दापोलीकडचा. सगळे भाग, रिळं, ट्रे त्याच्या ताब्यात. कारखान्यात माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच. मी गालिच्यावर ओणवा होऊन फवारा मारत होतो तेव्हा तो दाराला टेकून बघत होता.

"काय भाऊ, सडा घालताय काय? रांगोळी पन काढा."

"हसू नकोस. हे वाळलं की संपलं."

"माझं बगा," तो म्हणाला, "इथं जे जे काचेच्या पेटीत जातं ना, त्याला कोन हात लावत नाय. पाहुन्यांची ट्रॉफी, जुना दगड, पयला पाइप. मी तर सांगतो, मलाच पेटीत घाला. इकाम्याची कटकट खलास."

"तुझा झाला का?"

"झाला. तुमचा?"

"भेटीनंतर."

त्याने दुसरी बाटली भरून आणली आणि उरलेला गालिचा फवारला.

भेटीच्या दिवशी सकाळी नव्या लाइनवरून पहिला लॉट निघाला. औषध थेंबाथेंबाने सोडणाऱ्या इस्पितळातल्या पंपाचे बोर्ड. एक ट्रे भरला, त्यावर झाकण आलं. पाहुणे ठरल्यापेक्षा उशिरा आले. तोवर टीव्हीवाल्यांचे दिवे पेटलेलेच होते, आणि दिव्यांची ऊब गालिच्यावर सारखी पडत होती. मी घड्याळाकडे आणि गालिच्याकडे आळीपाळीने बघत होतो.

पाहुणे वयस्क होते, सौम्य होते आणि थकलेले दिसत होते. ते गालिच्याच्या बरोबर मधून चालले. मशीनसमोर थांबून त्यांनी विचारलं, इथे किती माणसं काम करतात. आमच्या प्रमुखांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. ते भविष्याबद्दल होतं. पाहुण्यांनी मान हलवली. मग बुरैद्याचा खजूर झाला, कहवा झाला आणि गाड्यांचा ताफा निघून गेला. बोर्डांकडे त्यांनी बघितलंही नाही. इतके दिवस मी ज्या हातांची धास्ती घेतली होती ते हात सगळा वेळ त्यांनी पाठीमागे बांधून ठेवले होते.

गाड्या गेल्यावर प्रमुखांनी डोक्यावरचा शमाघ मागे सारला आणि मला मिठी मारली. "बुकरा ये," ते म्हणाले, "तुझा कागद घेऊन ये. खरा बुकरा." मी बायकोला मेसेज टाकला: नवीन उद्या. तिचं उत्तर आलं: देव पावला.

मग "यल्ला, फोटो", म्हणजे 'चला, फोटो', सुरू झालं. लाइनवरची सगळी मंडळी गालिच्यावर जमली. फिलिपिनो पोरी, केरळचे तंत्रज्ञ, नवे सौदी इंजिनीयर, सफाईवाले. कुणीतरी ट्रेवरचं झाकण काढलं. एकेक बोर्ड हातात घेऊन फोटो झाले, हातातून हातात गेले. प्रमुखांनी एक उंच धरला. मीही एक धरला. सगळेजण सकाळी फुलदाणीमागे जाऊन यंत्रावर पाय ठेवून आले होते, प्रत्येकाला हिरवा दिवा मिळाला होता, प्रत्येकाच्या टाचेला पट्टी होती. म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

फोटो संपला, मी ट्रे उचलायच्या आधी मशीनचं उघडं झाकण बंद करायला हात पुढे केला आणि बोट व पत्रा यांच्यामध्ये निळी ठिणगी उडाली. आवाज पलीकडे उभ्या असलेल्या फिलिपिनो पोरीलाही ऐकू गेला. ती हसली.

टाचेची पट्टी वीज फरशीत सोडते. आमच्या पायाखाली फरशी नव्हती. वाळलेला गालिचा होता. पट्ट्या सगळ्यांच्या होत्या आणि कशालाच जोडलेल्या नव्हत्या. पाहुण्यांपासून बोर्ड वाचवायचे सगळे बंदोबस्त झाले होते. आपल्यापासून वाचवायचे कुणाला सुचले नव्हते. मी मोजायचं यंत्र आणलं, गालिच्यावर धरलं, आणि लगेच बंद केलं. आकडा बघून कुणाला फायदा नव्हता.

त्या दुपारी मी सगळे बोर्ड तपासणीला लावले. सगळे पास झाले. स्टोअरवाला ट्रे घ्यायला आला, माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "पास हाय ना? मग असा का बसलायस?" काळजीत तो अहोजाहो विसरतो.

"पास आहेत हीच पंचाईत आहे."

"फेल काढ मग."

"फेल म्हणायला कारण लिहावं लागेल. कारण म्हणजे गालिचा. गालिचा कुणी मंजूर केला?"

त्याने ट्रे परत खाली ठेवला. "आनि तुज्या कागदावर सही पन त्यांचीच," तो म्हणाला.

घरी बायकोने शिरा केला होता. मी खाल्ला. मुलीने विचारलं, "सो? ऑरगॅनिक करायचं?" मी म्हटलं, कर. ती आत गेली. मग मी बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ ताटातला शिरा चमच्याने एका बाजूला सारत राहिली.

"इस्पितळात जाणार ते?" तिने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात. पेपरात छापून आलंय."

"आणि नाही बिघडले तर?"

"बहुतेक नाहीच बिघडणार."

"बहुतेक," ती म्हणाली. गेल्या वर्षी तिच्या वडिलांना पुण्यात तसाच पंप लावला होता. तिने ते बोलून दाखवलं नाही, आणि मीही नाही. "उद्या सही आधी घ्या, मग सांगा," असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. मनात तिच्याही आलं असणार. शेवटी ती म्हणाली, "सही करताना तुमच्या तोंडाकडे बघतील ना ते. तुम्हाला कुठे लपवता येतंय."

दुसऱ्या दिवशी मी ट्रेवर 'थांबवा'चं लाल लेबल लावून तो प्रमुखांच्या टेबलावर ठेवला. माझा कागद त्यांच्या उजव्या हाताखाली होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं. मी सांगितलं.

"तपासणीत पास?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"मग अडचण काय?"

"जिन्यावरून पडलेला माणूस कधीकधी उठून, कपडे झटकून घरी चालत जातो. आपण त्याला धडधाकट समजतो."

ते ट्रेकडे बघत राहिले. त्यांनी समजून घेतलं होतं. ते हुशार आहेत, हीच अडचण होती. लॉट बाद करायचा म्हणजे मुख्यालयाला कळवायचं, कळवायचं म्हणजे गालिचा, आणि सगळा देश ज्या फोटोत त्यांना बघत होता तो फोटो. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. टोपणाचा तो टक्क आवाज मला मुलीच्या खोलीचं दार बंद झाल्यासारखा वाटला.

"पहिला लॉट मी भंगारात टाकू?" ते हळू आवाजात म्हणाले. "ऐतिहासिक पहिला लॉट?"

ऐतिहासिक. तो शब्द त्या इव्हेंटवाल्याचा होता, सगळ्या फलकांवर होता. आणि मला दापोलीचा माणूस आणि त्याची काचेची पेटी आठवली.

"भंगारात कशाला," मी म्हटलं. "ऐतिहासिक वस्तू कुणी वापरतं का? ती जपतात. एक पाहुण्यांना, एक मुख्यालयाला, एक इथे दर्शनी भागात, बाकीचे ज्यांनी बनवले त्यांना. प्रत्येक पारदर्शक पेटीत, खाली नाव. इस्पितळाला दुसरा लॉट देऊ. गालिचा काढून, उघड्या फरशीवर केलेला."

बाहेर कुणीतरी गालिचा ओढत नेत होतं, त्याचा घासल्याचा आवाज येत होता.

"तू मुहंदिस आहेस की वजीर?" त्यांनी विचारलं.

"इकामा संपत आलेला माणूस."

ते हसले नाहीत, पण त्यांनी टोपण काढलं. मग परत लावलं. "पेट्या येऊ देत," ते म्हणाले. "मग सही."

पेट्या बत्ह्याच्या बाजारातल्या एका दुकानात बनत होत्या. दुकानदाराला मी रोज फोन करायचो आणि तो रोज म्हणायचा, बुकरा. घरी बायको विचारायची, "कसला उद्या?" मी म्हणायचो, "प्लास्टिकचा." तिकडे फरशीवर दुसरा लॉट झाला, त्या दिवशी मी सकाळपासून यंत्र हातात घेऊन लाइनच्या कडेने चालत राहिलो, आणि कुणी साधं लोकरी बनियन घालून आलं तरी त्याला परत पाठवलं. मुलगी रसायनशास्त्राच्या समीकरणांत होती. ती वरवर काही विचारत नव्हती, पण तिने कपाटातली सुटकेस खाली काढून रिकामी आहे ना हे बघितल्याचं बायकोने सांगितलं.

मुदत संपायच्या थोडं आधी पेट्या आल्या. प्रमुखांनी एक हातात धरून फिरवून बघितली, आतला बोर्ड उजेडात चमकला, आणि त्यांनी ती बाजूला ठेवून सही केली. लॉट बाद झाला हे कुठेच लिहिलं गेलं नाही. तो सन्मानित झाला.

मुलीचे पेपर वेळेवर झाले. ऑरगॅनिकवर प्रश्न कमी आले, याचा तिला आजही राग आहे.

एक पेटी आमच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी आहे. तिचं झाकण निघतं. आतला बोर्ड बरा आहे की अर्धमेला, हे मला माहीत नाही. तो कशालाच जोडला जाणार नाही, त्यामुळे कधी कळणारही नाही. धूळ पुसायला तो बाहेर काढण्याआधी मी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून घेतो.

"बाबा, इट्स अ शोपीस," मुलगी म्हणते.

"हो," मी म्हणतो, आणि गज आणखी थोडा वेळ धरून ठेवतो.